त्सावोला जायची तयारी

चर्चमधून घरी आल्यावर बुटाची नाडी सोडता सोडता मुन्योकी म्हणाला, "कावुथा, येत्या शनिवारी आपण त्सावोला जायचं. आपल्या गाडीनं. दोघंच."

कावुथा चहाचं आधण ठेवत होती. तिला वाटलं, नवरा थट्टा करतोय. किब्वेझीत राहणाऱ्या माणसानं जनावरं बघायला त्सावोच्या अभयारण्यात जायचं म्हणजे मिठागरात राहणाऱ्यानं मीठ चाखायला परगावी जायचं. शेजारच्या म्बिथेचा मका तर दरसाल हत्तीच खुडून न्यायचे.

"हत्तीच बघायचे तर म्बिथेच्या शेतात जाऊन बसा," ती म्हणाली. "तिकीटही लागायचं नाही."

"शेतात येतो तो चोर हत्ती. मला हत्ती बघायचाय तो त्याच्या स्वतःच्या घरातला. पाहुण्यासारखं जायचं, बघायचं आणि यायचं."

मुन्योकीनं अख्खी उमेद नैरोबी-मोंबासा रस्त्यावर बस हाकण्यात घालवली होती. तो रस्ता त्सावोच्या पोटातूनच जातो. कावुथाची आणि त्याची ओळखही त्याच रस्त्यावरची. मटितो अंदेईच्या थांब्यावर ती उकडलेल्या अंड्यांची टोपली डोक्यावर घेऊन बसच्या खिडक्यांखाली धावायची आणि हा ड्रायव्हर उगाच तीन तीन अंडी घ्यायचा. आता त्याला घरी बसून बरीच वर्षं झाली होती. मोंबासाच्या दवाखान्यात नर्स असलेल्या लेकीनं, वाविन्यानं, दुसरी गाडी घेतली तेव्हा आपली जुनी बापाला देऊन टाकली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे त्सावो शिरलं होतं.

दुसरी कोणी बायको असती तर हरखली असती. कावुथाच्या तोंडावर मात्र नकार आला. तिनं तो चहाच्या घोटाबरोबर गिळला.

नवऱ्याला विसर पडू लागलाय असं तिला बरेच दिवस नुसतं वाटत होतं, ते मंगळवारी डोळ्यांसमोर घडलं. मुन्योकी कोळसा आणायला गाडी घेऊन बाजारात गेला आणि दुपारी चालत परत आला. सदऱ्याची पाठ घामानं भिजलेली, हातात कोळशाचं पोतं नाही, काही नाही. दारात उभं राहून त्यानं विचारलं, "गाडी कुठं गेली गं?"

"तुम्हीच नेली की."

"मी?" तो हसला. "मी तर आत्ता ड्यूटीवरून सुटून येतोय."

तेवढ्यात बाजारातल्या शिंप्याचा फोन आला. जुन्या बसडेपोच्या आवारात, जिथं आता लाकडाची वखार आहे, तिथं यांची गाडी दार सताड उघडं टाकून उभी होती. इंजिन चालूच होतं. कावुथा म्बिथेच्या मुलाला घेऊन धावत गेली. तो गाडी घेऊन आला. मुन्योकी तोवर अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत बसला होता, जसं काही झालंच नाही.

त्या दिवशी तिला सासू आठवली. सासूचंही असंच सुरू झालं होतं. आधी नावं चुकली, मग चुलीत मीठ आणि कालवणात राख. मग संध्याकाळ झाली की "माझी आई वाट बघत असेल" म्हणत नदीच्या वाटेला लागायची. शेवटी दिरांनी तिला शेळीच्या दाव्यानं खांबाला बांधली. कावुथा तेव्हा नवी सून होती. ते दावं सोडवायची तिची छाती झाली नाही. म्हातारीला घास भरवताना ती फक्त गाठ थोडी सैल करायची.

तिनं वाविन्याला फोन लावला. काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. पण लेकीचा आवाज ऐकला आणि ती जुळणी विस्कटली.

"बाबा हल्ली विसरतात गं," एवढंच ती म्हणाली.

"आई, या वयात कोण विसरत नाही? मी परवा माझा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला. जाऊ दे त्यांना त्सावोला. जन्मभर दुसऱ्यांना पोचवलं त्यांनी, एकदा स्वतः जाऊ देत. आणि तूसुद्धा जरा मजा कर. सारखी काळजी, सारखी काळजी!"

"बरं," कावुथा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तिकडं मुन्योकीची तयारी मात्र बघण्यासारखी होती. गाडीच्या कामात त्याचा हात कुठंही अडखळत नव्हता. चाकांची हवा मोजली, रेडिएटरचं पाणी बदललं, पट्टा बदलला, जादा चाक काढून त्याला थुंकी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. जॅक, पाना, दोरखंड, फावडं, पाण्याचे डबे, सगळं अंगणात मांडलं. आणि कामं करताना त्सावोचे नियम तो शाळेतल्या पोरासारखा घोकायचा. "हत्तीला वाट द्यायची. हॉर्न वाजवायचा नाही. अंधार पडायच्या आत फाटकाबाहेर. आणि काय वाट्टेल ते झालं तरी गाडीतून खाली उतरायचं नाही. ऐकतेयस ना, कावुथा? जो उतरला तो संपला."

"ऐकतेय."

म्बिथे कुंपणावरून डोकावायची. "काय गं, म्हातारपणी मधुचंद्र? सिंहानं नवरा पळवला तर मला बोलाव हो, मीपण विधवाच आहे, दोघी मिळून रडू."

कावुथा हसली. हसून ती पुन्हा पीठ मळायला लागली.

गुरुवारी तिनं गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात पुरली. गाडीच सुरू झाली नाही तर जाणार कसे? तिला वाटलं, थोडी चिडचिड होईल, शनिवार टळेल, मग पुढचं पुढं. पण मुन्योकी चिडला नाही. तो गुपचूप शोधत राहिला. कोटाचे खिसे, गादीखाली, कोंबड्यांच्या खुराड्यात, पुन्हा कोटाचे खिसे. मग पायरीवर येऊन बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत झाकलं.

कावुथाला ते बघवेना. तिनं डबा उघडला, किल्ली पुसली आणि त्याच्या मांडीवर नेऊन ठेवली. "मी लपवली होती," ती म्हणाली. "तुम्ही नाही हरवलीत."

त्यानं वर पाहिलं. ती शिव्या खायच्या तयारीत होती. पण त्याचा चेहरा एकदम सैल पडला, आणि तो हसतोय की रडतोय ते तिला कळेना.

"तू लपवलीस? खरंच तू?"

"हो."

"म्हणजे मी नव्हतो विसरलो."

"नाही."

त्यानं किल्ली मुठीत घट्ट धरली. मग अंगणाकडे बघत म्हणाला, "मंगळवारी गाडी डेपोत सोडली ती मात्र मीच. म्बिथेच्या पोरानं सांगितलं मला. तू कशाला सांगशील म्हणा!" आणि आवाज खाली आणून, "कावुथा, आईचं काय झालं होतं ते मी विसरलेलो नाही. तेवढं बरोबर लक्षात राहिलंय बघ."

इतके दिवस ती एकटीच घाबरतेय असं समजत होती. शेजारच्या उशीवरचा माणूसही तसाच जागा होता, हे तिला आता कळलं.

"म्हणून तर आत्ता जायचंय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी मला हत्ती दाखवलास तर मी त्याला म्हैस म्हणेन. तुला भीती वाटते, मला कळतंय. मलाही वाटते. पण घरात बसून काय ती कमी होणारेय?" मग तिच्याकडे बघून, "मला बांधणार तर नाहीस ना?"

"शपथ घेते, नाही बांधणार."

"मग झालं तर."

"पण माझी एक अट आहे," कावुथा म्हणाली. "मला गाडी शिकवा. शनिवारच्या आत."

मुन्योकी इतका मोठ्यानं हसला की कोंबड्या पळाल्या. "या वयात? अगं, तुला सायकल येत नाही!"

"सायकलीवर तुम्ही बसवलंत कधी?"

चर्चमागच्या मैदानात तिची शिकवणी झाली. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. मुन्योकी कपाळाला हात लावायचा. "हळू! अंडं फोडतेयस का? हळू सोड, पाय आहे की मुसळ?" शेळ्या राखणारा म्हातारा शेळ्यांसकट चर्चच्या पायऱ्यांवर चढून बसला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिला गाडी सुरू करता यायला लागली, दुसऱ्या गिअरपर्यंत नेता यायला लागली आणि थांबवता यायला लागली. मागे मात्र काही केल्या घेता येईना.

"मागे कशाला जायचंय?" मुन्योकी म्हणाला. "पुढं जाता येतं ना, बास."

शनिवारी पहाटे ते निघाले. डब्यात मका-घेवड्याची मुथोकोई होती, फडक्यात चपात्या, थर्मासमध्ये चहा. वोईपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर मुन्योकी इतका सफाईनं गाडी चालवत होता, लॉऱ्यांना अशी नेमकी वाट देत होता, की कावुथाला वाटलं, आपणच वेड्या. फाटकावर रेंजर मुलीनं कागद तपासले. "आजोबा, गाडीतून उतरायचं नाही हं," ती म्हणाली. "पोरी, ते वाक्य मला झोपेतसुद्धा पाठ आहे," मुन्योकी म्हणाला. ती हसली आणि तिनं आडवा दांडा वर केला.

आत लाल मुरमाचा रस्ता. मातीत लोळून लाल झालेले हत्ती, भाजलेल्या विटांच्या ढिगासारखे. मुन्योकी बोलत नव्हता, नुसता बघत होता, आणि हत्तींपेक्षा कावुथा त्याच्याकडेच जास्त बघत होती. दुपार चढली तशी जनावरं सावलीला गेली. अरुबा धरणाच्या रस्त्यावर, एका ओसाड वळणाशी, त्यानं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. लांबवर पाण्याची रेघ चकाकत होती. उकाडा असा की पत्राही कण्हत होता.

"चहा घेता?" तिनं विचारलं आणि थर्मास घ्यायला मागच्या सीटकडे वळली.

दार उघडल्याचा आवाज आला.

ती गर्रकन फिरली. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. मुन्योकी बाहेर, रस्त्यावर उभा राहून पँट वर ओढत होता. मग त्यानं हात तोंडाशी नेऊन, मोकळ्या, दणदणीत आवाजात हाळी दिली, "मटितो अंदेई! दहा मिनिटं थांबेल गाडी! चहापाणी उरकून घ्या! उशीर केला तर सोडून जाईन, मग बोंबलत बसू नका!"

तो गाडीच्या मागं गेला, चाकाला लाथ मारून पाहिली, आणि मग ड्रायव्हर लोक जसे निवांतपणे आडोशाला जातात तसा रस्ता सोडून झुडपांकडे चालू लागला.

त्याच्या वाटेवर एक झुडूप होतं. झुडपाच्या बुंध्याशी वाळलेलं गवत. त्या गवतात एक कान हलला.

आधी तिला एकच कान दिसला. मग डोकं. मग गवताच्याच रंगाची पाठ. सिंहीण पोटावर पडून मुन्योकीकडे बघत होती. तिनं शेपूटसुद्धा हलवलं नाही.

ओरडावं तर तो पळेल, किंवा पळणार नाही, उलट "काय झालं?" म्हणत तिथंच उभा राहील. उतरून त्याला ओढावं तर जो उतरला तो संपला. नावानं हाक मारावी तर आता तो कोणाचा नवरा आहे, हेच त्याला ठाऊक नाही. तो ड्रायव्हर आहे. मटितो अंदेईला आहे. त्याच्या गाडीत माणसं आहेत.

कावुथा त्याच्या सीटवर सरकली, उघड्या दारातून हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर तळव्यानं दोन थापा मारल्या. धप्, धप्. त्या थांब्यावर टोपली घेऊन उभं असताना कंडक्टरांच्या या थापा तिनं हजारदा ऐकल्या होत्या. थापा पडल्या की अंडी विकली गेली असोत नसोत, बस निघायचीच.

मुन्योकी थबकला.

"देरेवा! ओ ड्रायव्हर!" तिनं कंडक्टरसारखाच त्रासिक सूर लावला. आवाज फाटला, तरी लावला. "माणसं बसली सगळी! चला! मोंबासाला काय उद्या पोचायचंय?"

धप्, धप्.

सिंहीण उठून बसली.

"आलो रे बाबा!" मुन्योकी न वळताच म्हणाला. "जरा दम धर! माणसाला लघवीलासुद्धा वेळ देऊ नका!"

"एक बाळंतीण आहे गाडीत! कळा येतायत तिला! चला लवकर!"

हे कुठून सुचलं, ते तिला आयुष्यात कधी कळलं नाही. पण तो वळला. सिंहिणीकडे पाठ करून, डुलत डुलत परत येऊ लागला. सिंहीण चारी पायांवर उभी राहिली. ती त्याच्या मागून निघाली, घाई न करता, मान खाली घालून, एखादी गाय मालकामागून यावी तशी. कावुथाला दोघंही एकाच नजरेत दिसत होते. "धावा" हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. तिनं तो दातांखाली धरला. ओठ फाटून तोंडात रक्ताची चव आली.

ती डावीकडच्या सीटवर सरकली. मुन्योकी आत बसला. तिनं त्याच्या अंगावरून वाकून दार खेचलं आणि दोन्हीकडच्या काचा वर केल्या. हँडल फिरवताना तिचा हात दोनदा घसरला. सिंहीण गाडीशी आली. काचेपलीकडे तिचा डोळा पिवळा, कोरडा, कसलाही राग नसलेला. ती मागच्या चाकाशी हुंगली, गाडीच्या सावलीत गेली आणि तिथंच बसली.

"शिटा भरल्या का?" मुन्योकीनं विचारलं.

"भरल्या," कावुथा म्हणाली.

त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवले. मग हात काढून त्यांच्याकडे पाहिलं. "आता... आता काय करायचं असतं?"

एवढा वेळ तिला रडू आलं नव्हतं. आता येऊ पाहत होतं, पण तिनं त्याला सवडच दिली नाही. "तुमची पाळी संपली," ती म्हणाली. "दुसरा ड्रायव्हर आलाय. सरका इकडे."

दार उघडायची सोय नव्हती. दोन जाड, गुडघे दुखणारी माणसं गिअरच्या दांड्यावरून एकमेकांना ओलांडू लागली. त्याचं कोपर हॉर्नवर पडलं. गाडी भोंकली. सावलीतली सिंहीण उठली असेल की नाही, ते बघायचं धाडस कावुथाला झालं नाही. तिनं किल्ली फिरवली. गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली.

"हळू," मुन्योकी अगदी सहज म्हणाला. "हळू सोड क्लच. पाय आहे की मुसळ?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता. आपण काय बोललो, हे त्याला कळलं होतं की नाही, कोण जाणे. तिनं पुन्हा किल्ली फिरवली. गाडी निघाली.

दुसऱ्या गिअरवर, रडतखडत, आरशात एकदाही न बघता, ती फाटकापर्यंत आली. वाटेत हत्तींचा कळप आडवा गेला तेव्हा तिनं इंजिन बंद केलं आणि कळप जाईपर्यंत देवाला अशा गोष्टी कबूल केल्या की ज्या ती कधीच पुऱ्या करणार नव्हती. फाटकाशी तिला गाडी नीट थांबवता आली नाही. दांड्याला टेकूनच ती थांबली. रेंजर मुलगी धावत आली आणि तिनं कावुथाला धरून खाली उतरवलं.

रेंजर मुलीनं फोन केल्यावर वाविन्या मिळेल त्या बसनं मोंबासाहून निघाली आणि संध्याकाळच्या आत पोचली. तोवर मुन्योकी चौकीच्या ओट्यावर बसून साखरेचं पाणी पीत होता आणि पुरता शुद्धीवर आला होता.

"मी उतरलो होतो का?" त्यानं बायकोला विचारलं.

खोटं बोलायचं तिच्या मनात आलं. "उतरला होतात."

"मग?"

"सिंहीण होती."

त्यानं पेला ओट्यावर ठेवला. "मला दिसली नाही ती," तो म्हणाला. "कशी होती?"

"बारीक होती. एका कानाला चीर पडलेली. तुमच्यामागून आली."

"आणि तू काय केलंस?"

"बस सोडली," कावुथा म्हणाली, आणि मग मात्र तिला हुंदका आवरला नाही.

घरी जाताना वाविन्यानं गाडी चालवली. आईबाप मागे बसले होते. थोड्या वेळानं बापाला झोप लागल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, फोनवर तू मला हेच सांगत होतीस ना? मी ऐकलंच नाही."

"समोर बघ," कावुथा म्हणाली. "लॉरी येतेय."

पुढच्याच आठवड्यात नैरोबीच्या डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. किल्ली वाविन्याकडे गेली. दर महिन्याला ती रजा काढून यायची आणि बापाला गाडीतून फिरवून आणायची, त्सावोला नाही, नुसतं किब्वेझीच्या बाजारापर्यंत. मुन्योकी पुढं बसायचा आणि कावुथा अगदी त्याच्या मागच्या सीटवर. गाडी सुरू व्हायच्या आधी ती पुढं वाकून त्याचं दार नीट लागलंय का पाहायची. मग चालत्या गाडीत पुन्हा एकदा पाहायची. बाजार आला, गाडी थांबली, सगळे उतरले, तरी तिच्या बोटांत त्याच्या सदऱ्याची कड पकडलेलीच असायची.